वणवा आणि वणवा विझविणारा

गेल्या फेब्रुवारीत द्वितीय वर्षाच्या वर्गात मी दलित कवितेतील प्रतिमा शिकवीत होतो. वणवा ही प्रतिमा आपल्या कवितेत किती खोलवर रुजलेली आहे, ती नकाराची आणि विद्रोहाची प्रतिमा कशी आहे, हे मी नेहमीच्या उत्साहाने सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग हा विझवायला कोण गेलं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि प्रतिमा व वास्तव यांतला फरक समजावू लागलो. तो मुलगा बदलापूरच्या पुढच्या एका ठाकरवाडीतला. मार्चपासून तो वर्गात दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले, की तो फायर वॉचर म्हणून रोजंदारीवर लागला आहे. माझ्या वर्गात वणव्याचा हा एकच जाणकार होता आणि त्यालाच मी वणव्याचा अर्थ समजावून सांगितला होता!

डोंबिवलीच्या गच्चीवरून उन्हाळ्यात रात्री मलंगगडाच्या बाजूला डोंगरावर केशरी रेघ दिसते. लोक तिचे फोटो काढतात. येऊरच्या डोंगरावर, मुंब्र्याच्या कड्यावरही ती दिसते. त्या रेघेच्या जवळ माणसे असतात, हे माझ्याही कधी मनात आले नव्हते. ते मला पुढे त्या मुलाने सांगितले.

पावसात माणसाच्या उंचीचे वाढलेले गवत थंडी सरली की वाळते, सागाची पाने गळून खाली थर साचतो. त्याआधीच जाळरेषा काढायच्या असतात. म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातले गवत कापायचे, पाला ओढायचा आणि तो पट्टा आपणच काळजीपूर्वक जाळून टाकायचा, म्हणजे पुढे आग आली तर तिला खायला काही उरत नाही. मग पावसापर्यंत राखण. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश आता मोबाइलवर येतो. डोंगर मात्र पायांनीच चढायचा असतो. काही ठिकाणी पालापाचोळा उडविणारी ब्लोअर यंत्रे आली आहेत. ती नसतील तेथे ओल्या फांद्यांनी आग झोडपायची. आग चढावर पळते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला उभे राहायचे नाही. वारा पडला, दव उतरू लागले, की पहाटे ती आटोक्यात येते. त्यानंतरही धुमसणारी खोडे शोधत फिरावे लागते. एक डोंगर झाला की दुसरा. टोळी भाकरी आणि पाण्याचे कॅन घेऊन हिंडत राहते.

हे काम मजुराच्या माथी कोणी मारले, याचा इतिहास आपल्या वाचकाने पाहावा असा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम २६ राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरविते, आणि आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या जंगलातले चराईचे व वनोपजाचे सगळ्यांचेच हक्क स्थगित करण्याचा अधिकार सरकारला देते. आता कलम ७९ पाहा. जंगलात ज्याला काही हक्क आहे, जो तेथे गुरे चारतो, लाकूडफाटा आणतो, त्याने कोणी बोलावो न बोलावो, आग विझवायला धावलेच पाहिजे. न धावल्यास शिक्षा. त्याच कलमात आणखी एक माणूस आहे: जंगलालगतच्या गावात लोकांच्या सेवेसाठी सरकारकडून मोबदला घेणारा.

हे वाक्य मी तीनदा वाचले. त्यात मला माझे आजोबा दिसले. येसकरपाळी करणारा, सांगावे पोचविणारा वतनदार महार या वर्णनात नेमका बसतो. कायदा आला १९२७ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाची वेठ सुटायला पुढे तीस वर्षे गेली. पण एका कलमात ठाकर, कातकरी, वारली आणि महार वेठीला एकत्र उभे केले गेले होते, ही गोष्ट आपल्या एकाही चर्चासत्रात मी ऐकलेली नाही.

आग लावल्याचा संशयही त्याच माणसावर. ठाणे-कुलाब्याकडचा शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो, म्हणून तोच जंगल जाळतो, हा आरोप इंग्रजी अमदानीपासूनचा. राबावरून एवढे रण माजले होते, की १८८० च्या दशकात नेमलेल्या मुंबई वन आयोगाला त्यात लक्ष घालावे लागले. जोतीरावांनी तर १८८३ सालीच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याचा समाचार घेतला होता. डोंगरावर दारू पिऊन सिगारेट फेकणाऱ्या शहरी पोराला मात्र कोणी वणवेखोर म्हणत नाही!

आता साहित्याकडे येतो. प्रस्थापित मराठी वाचकाचे जंगलावर मोठे प्रेम आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा'मुळे ते नाव घराघरांत पोचले. मारुती चितमपल्ली यांनी आदिवासींकडून शब्द, नावे, ज्ञान घेतले आणि ते त्यांचे आहे हे मान्य केले, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता. पण ८ एप्रिल २०२१ रोजी त्याच नागझिऱ्याच्या जंगलात आग विझविताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले, दोघे जखमी झाले. ज्या वाचकांनी नागझिऱ्यावर इतके प्रेम केले, त्यांच्या नियतकालिकांतून या तिघांवर काही आल्याचे माझ्या वाचनात नाही. जंगलावरच्या आपल्या ललितगद्यात पक्षी नावाने येतो आणि मजूर 'वाटाड्या' म्हणून येतो.

प्रस्थापितांवर टीका करणे सोपे आहे. त्याची आपल्याला सवयही झाली आहे. प्रश्न आपला आहे. जगलेला अनुभव हा दलित साहित्याचा कणा, असे आपण पन्नास वर्षे सांगत आलो. चामडे, मेलेले ढोर, गटार, झाडू, सिमेंटची पाटी हे शब्द आपल्या लेखकांनी हातांनी कमावून मराठीत आणले. वणवा मात्र आपण कमावला नाही. तो आयता घेतला, आणि मला वाटते, संस्कृतप्रचुर मध्यमवर्गीय कवितेतूनच घेतला. म्हणूनच त्यात धग पुष्कळ आणि धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. वणवा पेटवा म्हणणाऱ्या कवीने हे पाहिले नाही, की वणव्यात सावकाराचा वाडा जळत नाही. ठाकराचे गवत, त्याची मोहाची झाडे, त्याच्या शेळीचा चारा जळतो, आणि तो विझवायला तोच धावतो.

याला अपवाद आहेत. जानेवारी १९४५ मध्ये येथल्याच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला वारली आले आणि त्यातून जे उभे राहिले ते गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिले. त्या पुस्तकात जंगल कामाची आणि वेठीची जागा म्हणून येते. पण लेखणी परुळेकर बाईंची होती. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'ने (१९८७) ती लेखणी आदिवासीच्या हाती दिली. आपण तिचे कौतुक केले आणि आपल्या प्रतिमा होत्या तशाच ठेवल्या.

पँथर हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीतून घेतले, तेव्हा तिकडचे एक उदाहरण देतो. १९४५ साली ५५५ वी ही काळ्या सैनिकांची पॅराशूट पलटण युद्धासाठी तयार झाली होती. तिला आघाडीवर न पाठविता ओरेगनच्या जंगलात वणवे विझविण्यासाठी विमानातून उतरविले. लढण्याचा मान नाही, आग मात्र आहे! १९४९ साली मोंटानात मान गल्च येथे वणव्यात तेरा जण मेले. त्यांच्यावर नॉर्मन मॅक्लीन या लेखकाने म्हातारपणची वर्षे घालवून आग कशी फिरली, माणसे कोठून पळाली, हे पावलापावलाने शोधले. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९९२ साली निघाले. प्रतिमा बाजूला ठेवून केवळ उतार आणि वारा यांच्याबद्दल लिहूनही साहित्य होते, याचा तो पुरावा आहे. नागझिऱ्याच्या तिघांसाठी असे कोण बसले?

तो मुलगा जूनमध्ये परत आला. उपस्थिती कमी म्हणून त्याला परीक्षेला बसता आले नव्हते. मी अर्ज लिहून दिला होता, तो नामंजूर झाला. भित्तिपत्रकासाठी काही लिही म्हणालो, तेव्हा त्याने वहीची दोन पाने आणून दिली. त्यांत 'वणवा' हा शब्द एकदाही नाही. 'डोंगर पेटला' असे आहे. कोणत्या बाजूने वारा होता, पाणी कोणाजवळ होते, कोणाची चप्पल वितळली, आणि पहाटे खाली उतरल्यावर रेल्वे फाटकापाशी चहा कोणी पाजला. मी सवयीने लाल पेन घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीत 'डोंगर' खोडून 'वणवा' लिहिले. मग ते पुन्हा खोडले. भित्तिपत्रकावर ती खाडाखोड तशीच लागली आहे.