कोरी जागा आणि शून्यता : एका चिनी चित्रगुंडाळीचा विचार

चिनी निसर्गचित्रात कोरी जागा दिसली की तिला तत्काळ 'शून्यता' म्हणण्याची रीत बौद्ध कलेवरील लेखनात रूढ झाली आहे. आमच्या मते ही घाई होय. त्या जागेचे कार्य प्रथम चित्राच्या रचनेत शोधले पाहिजे. ह्वांग गोंगवांग (१२६९-१३५४) यांची 'फूचुन पर्वतातील निवास' ही चित्रगुंडाळी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, १३५० साली, चित्रकाराने या गुंडाळीवर आपला लेख लिहिला. कागदावर केवळ शाईने काढलेले हे चित्र उंचीला सुमारे ३३ सेंटिमीटर, तर लांबीला सहा मीटरहून अधिक आहे. असे चित्र भिंतीवर टांगावयाचे नसते. ते मेजावर ठेवून डाव्या हाताने उलगडावयाचे आणि उजव्या हाताने गुंडाळावयाचे असते. एका वेळी हातभर भागच दिसतो. म्हणून येथे रचना म्हणजे क्रम होय.

डोंगर प्रथम दाटून येतात. त्यांच्या उतारांवरील तागाच्या तंतूंसारख्या लांब, सैल रेषांची पद्धती दहाव्या शतकातील डोंग युआन आणि त्यांचे अनुयायी भिक्खू ज्युरान यांच्याकडून आलेली आहे. पुढे भूमी सखल होते, पाइन वृक्ष येतात आणि पाणी लागते. विस्तीर्ण पाणी रंगविलेलेच नाही. कोऱ्या कागदावरील लहानशी नाव त्याला नदी करते. तेथे दृष्टी मंदावते व पुढील तीराची वाट पाहते. अखेरीस एक उभा सुळका येतो आणि चित्र दूरच्या फिकट टेकड्यांत विरते.

या कोऱ्या जागेचे मोल एका चुकीने सिद्ध केले. अठराव्या शतकात सम्राट च्येनलोंग याने एका नकलेस अस्सल मानून तिच्या रिकाम्या जागा पन्नासहून अधिक लेखांनी भरल्या. डोंगर शाबूत राहिले, परंतु दृष्टीची वाट बुजली. बनावट ठरलेले अस्सल चित्र मात्र या लेखांच्या गर्दीतून वाचले.

मग येथे शून्यता आहे काय? चित्रकार ताओपंथी होता; चित्रही एका ताओपंथी स्नेह्यासाठी काढलेले आहे. बौद्ध परंपरेचे ऋण ज्युरानांच्या रेषेपुरते खरे. त्याहून अधिक हक्क सांगणे उचित नव्हे. तथापि पाली निकायांत 'सुञ्ञ' म्हणजे अत्ता व अत्तनिय यांपासून रिकामे. तो कागद स्वतः नदी नाही. नावेमुळे नदी होतो, सुळक्यामुळे आकाश. शून्यता हा शब्द वापरावयाचाच तर या अर्थाने वापरावा, आणि तो पाहणाऱ्याचा विचार आहे, चित्रकाराचा सिद्धांत नव्हे, हे स्पष्ट सांगावे.

१६५० च्या सुमारास मरणासन्न मालकाच्या इच्छेने ही गुंडाळी अग्नीत टाकण्यात आली. पुतण्याने ती बाहेर काढली, परंतु तिचे तुकडे झाले. लहान भाग हांगचौच्या झेजियांग संग्रहालयात, मोठा ताइपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. २०११ मध्ये ताइपे येथे दोन्ही एकत्र मांडले गेले. आम्हांपैकी बहुतेकांना हे चित्र पुस्तकातच भेटणार. तेव्हा दोन्ही बाजू कागदाने झाकून वाचकांनी ते उजवीकडून डावीकडे हळूहळू उघडावे. कोऱ्या जागेशी आपली दृष्टी का थांबते, हे मग टीकाकाराने सांगावे लागणार नाही.