सामरीचा शाप

रामसे बंधूंच्या भयपटांची थट्टा करणे फार सोपे आहे. रबरी मुखवटे, धुराचे लोट, करकरणारे दरवाजे. सुशिक्षित प्रेक्षक हसला नाही तरच नवल! त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) सुमारे ३.५ लाख रुपयांत झाला. सारे कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला गेले. एका भावाने लिहायचे, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने ध्वनी सांभाळायचा, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचे. दिवाळीच्या चकल्या कराव्यात तशी ही कामाची वाटणी!

पण ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहताना हे हसू मध्येच थांबते. सामरी नावाच्या नरराक्षसाचे शिर राजा उडवायला लावतो आणि मरता मरता सामरी शाप देतो, की या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. पाहा, हुकूम राजाचा आणि शिक्षा लेकीसुनांना! पिढ्यांनंतरच्या ठाकुराला हे ठाऊक असते, पण लेकीला तो सांगत नाही. ती साध्या घरातल्या तरुणावर जीव लावते तेव्हा आधी तो आडवा येतो. गुपित फोडतो ते नंतर.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत. ज्या खेड्यांतून दवाखाना कोसांवर होता, तिथे १९८४ सालीही ते शब्दशः खरे होते. तिकिटाच्या रांगेतल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागली नसेल. मोठ्या भांडवलाच्या चित्रपटांत बाळंतपण म्हणजे बहुधा बंद दार, बाहेर येरझारा घालणारा नायक आणि मग तान्ह्याचे रडणे. दाराआडच्या मरणावर अख्खी कथा उभारली ती या स्वस्त भुताटकीने.

रामसे समाजसुधारक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जिच्या जिवाचा घोर ते आपल्याला लावतात, तिच्याच न्हाणीघरात ते कॅमेरा घेऊन शिरतात. तोटीतून रक्त येते हे निमित्त. राक्षसाचा समाचार यथास्थित घेतला जातो, मात्र लेकीपासून सत्य दडवणाऱ्या बापाची झडती हा चित्रपट घेत नाही. माझ्या मते त्याची खरी उणीव मुखवट्यात नसून इथे आहे.

तरी एक गोष्ट मला मनापासून आवडते. शाप ऐकल्यावर ती दोघे एकमेकांचा निरोप घेत नाहीत. मित्रमंडळींना बरोबर घेऊन, जिथे ते शिर पेटीत कोंडले आहे, त्या हवेलीकडेच निघतात.