प्रलोभन आणि गोडी : जोतीरावांच्या एका निवेदनाचे पुनर्वाचन

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांतून अलीकडे ‘आंतरप्रेरणा’ व ‘बाह्यप्रेरणा’ ह्या जोडशब्दांचा जो मुक्त वापर चाललेला दिसतो, त्यामागे एक गृहीत उभे असते. ते असे की, ज्ञानासाठी ज्ञान ही प्रेरणा उच्च, आणि बक्षीस, शिष्यवृत्ती, गुण वा वेतन यांसाठी केलेले अध्ययन हलके. एवढेच नव्हे, तर बाहेरचे प्रलोभन आतला झरा आटवून टाकते. हे गृहीत सर्वस्वी खोटे आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरची पहिली पाटी पुष्कळदा त्याच्याच हाती आलेली असते, तेथे ते जसेच्या तसे लावून पाहताना मन अडखळते. हे अडखळणे तपासून पाहावे, म्हणून एका जुन्या मजकुराकडे वळावयाचे योजिले आहे.

हा मजकूर म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 सालच्या ऑक्टोबरात हंटर आयोगाला सादर केलेले इंग्रजी निवेदन. त्यात बारा वर्षे वयापर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आहे, आणि बहुधा तिचाच उल्लेख होतो. प्रेरणेच्या प्रश्नावर जोतीराव तेथे जे म्हणतात त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. शूद्रातिशूद्रांनी मुले शाळेत पाठवावीत म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, म्हणजे त्यांच्या ठिकाणी विद्येची गोडी उत्पन्न होईल, असा त्यांचा आशय आहे. (त्यांनी योजलेल्या इंग्रजी शब्दाला ‘अभिरुची’ हा प्रतिशब्द शोभून दिसला असता, पण अभिरुची ही ज्याचे पोट भरले आहे त्याची गोष्ट वाटते, म्हणून ‘गोडी’च बरी.) निकालावर अनुदान देण्याची तत्कालीन पद्धत अज्ञ आणि दरिद्री लोकांत शिक्षण पसरविण्यास निरुपयोगी आहे, कारण त्यांना अद्याप ती गोडीच लागलेली नाही, असेही ते स्पष्ट बजावतात. ती लागेपर्यंत सरकारी शाळा आणि विशेष प्रलोभने अवश्य आहेत, हे त्यांचे सूत्र होय.

आता ह्याच्यासमोर प्रयोगशाळेचा पुरावा ठेवून पाहू. 1971 साली एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांची कोडी सोडवावयास दिली. काहींना मधल्या बैठकीत प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या बैठकीत तो बंद केला. मोकळ्या वेळात कोड्याशी रमण्याकडे ह्या विद्यार्थ्यांचा कल कमी झालेला दिसला. शाबासकी मिळालेल्यांचा मात्र तसा झाला नाही. 1973 साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी बालवाडीतील मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र देऊ असे आधी सांगितले. ती मुले पुढे चित्रांकडे कमी वळली. अकल्पितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत हा परिणाम आढळला नाही.

वरवर पाहता जोतीराव येथे हरले. पण ह्या प्रयोगांतील मुले निवडली कोणती होती, हे आमचे प्रबंधकार सांगत नाहीत. चित्रकलेची गोडी ज्यांना आधीच होती तीच मुले लेपर प्रभृतींनी घेतली होती. म्हणजे जे होते ते आटते का, एवढाच प्रश्न तेथे विचारला गेला. जोतीरावांचा प्रश्न, जे नाही ते उपजावे कसे, हा आहे. डेसी, कोस्टनर व रायन यांनी 1999 साली 128 प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही मनोरंजक कामांवरील प्रेरणा प्रलोभनाने खालावते असे दिसले. मुळातच नीरस असलेल्या कामांबाबत तसे दिसून आले नाही. मुळाक्षरे घोटणे कोणत्या वर्गात मोडते, हे प्राथमिक शिक्षकाला विचारावे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेत जो काम करतो त्यालाच बक्षीस मिळते. निवेदनातील प्रलोभन मात्र प्रामुख्याने पालकासाठी आहे. गुरे राखणारा हात शाळेत गेल्याने घराचे जे नुकसान होते त्याची ती भरपाई होय. ती घेणारा बाप आणि शिकणारे मूल ह्या दोन व्यक्ती आहेत. बापाची बाह्यप्रेरणा मुलाच्या आंतरप्रेरणेला मारते, असे कोणत्याही प्रयोगाने दाखविलेले आमच्या वाचनात नाही. 1992 साली महाराष्ट्र शासनाने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तो ह्याच परंपरेतला. 1995 च्या पोषण आहार योजनेत ऐंशी टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो धान्य घरी जात असे. 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच मिळू लागले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच. मानसशास्त्राच्या दृष्टीने नव्हेत. पहिल्यात हजेरीपट हीच विकाऊ वस्तू होते. दुसऱ्यात जेवण हा शाळेतल्या दिवसाचा एक भाग होतो, आणि पंगतीत बसलेले मूल ते मजुरी म्हणून खात नाही.

बार्शीचे उदाहरण घ्यावयाचे तर कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी 1934 साली स्थापिलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचे नाव प्रथम येते. बहुजन समाजातील मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा ही त्या काळच्या अशा संस्थांची जोडी. भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील वसतिगृहात (1924) मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. ह्या व्यवस्थेकडे पाहताना बक्षिसाची दिशाच उलटलेली दिसते. प्रयोगातले मूल मनाशी म्हणते, मी चित्र काढतो ते प्रशस्तिपत्रासाठी. खोरे चालवून वर्गात बसलेला मुलगा म्हणणार, मी खोरे चालवितो ते पुस्तकासाठी. शिक्षण हे तेथे श्रमाचे वेतन होते, आणि ज्यासाठी घाम गाळावा लागला ती वस्तू माणसाला मौल्यवान वाटू लागते, हे फेस्टिंजर यांच्या 1957 मधील विसंगतीच्या उपपत्तीशी जुळणारे आहे. अर्थात हे आमचे अनुमान आहे, मोजमाप नव्हे. शिवाय श्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, त्या खोऱ्याला कंटाळून परत गेलेल्या मुलांच्या आठवणी कोणी छापत नाही.

श्रमाच्या क्षेत्रात हीच गुंतागुंत आढळते. शाहीर अमर शेख हे 1916 साली बार्शीतच जन्मले. गिरणीतली मजुरी त्यांनी केली, आणि पुढे अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून गायले. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचे नाव पुकारण्यासाठी गाणे मध्येच थांबते. पैसा तेथे कलेला हुकूम करतो. कलापथकाच्या गाण्याला चळवळीचा हेतू होता. तोही कलेबाहेरचाच, पण गाणाऱ्याने तो आपला मानलेला होता. डेसी व रायन यांनी 1985 नंतर बाह्यप्रेरणेच्या ज्या पायऱ्या कल्पिल्या, त्यांतील आत्मसात केलेल्या हेतूची पायरी ती हीच. दोनच खणांची विभागणी खुद्द तिच्या पुरस्कर्त्यांनीच अशा रीतीने मोडली आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र ती शाबूत आहे.

जोतीरावांच्या निवेदनात उणीव नाही असे नव्हे. प्रलोभन केव्हा काढून घ्यावे आणि गोडी लागली हे कोणी ठरवावे, यावर ते मौन आहेत. परंतु स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, हे त्यांनी नोंदविले आहे. येथे त्यांनी दोन प्रलोभने वेगळी केली : येणाऱ्या प्रत्येकाला मिळणारे, आणि जिंकणाऱ्या एकालाच मिळणारे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत गढलेल्या शाळा आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका यांवर संशोधन करणाऱ्याने हा भेद आपल्या प्रश्नावलीत उतरवून पाहावा. ‘हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न आम्हांस वर्गात दर आठवड्यास ऐकावा लागतो. तो विचारणारे विद्यार्थी दोहोंपैकी कोणत्या प्रलोभनातून आलेले असतात, याची नोंद आम्ही स्वतःही आजवर ठेवलेली नाही.