संयुक्त आकृतींचा गुरुत्वमध्य : आर्किमिडीजच्या मांडणीचे परीक्षण

सायराक्यूजच्या आर्किमिडीजने (इ. स. पू. सुमारे २८७ ते २१२) प्रतल आकृतींच्या समतोलावर द्विखंडात्मक ग्रंथ लिहिला. ज्या गुरुत्वमध्याच्या आधारावर हा ग्रंथ उभा आहे, त्याची व्याख्याच उपलब्ध संहितेत आढळत नाही, हे प्रथमदर्शनी आश्चर्यकारक वाटते.

अर्न्स्ट माख याने १८८३ मधील आपल्या यांत्रिकीविषयक ग्रंथात आर्किमिडीजवर गंभीर आक्षेप घेतला. आर्किमिडीज भाराचे समान तुकडे करून ते तरफेवर सममितीने पसरवितो व परिणाम बदलत नाही असे धरतो. परंतु असे धरणे म्हणजे सिद्ध करावयाचा नियमच गृहीत धरणे होय, असे माखचे म्हणणे. हा आक्षेप अर्धाच ग्राह्य वाटतो. चौथ्या प्रमेयात दोन समान भारांचा एकत्रित गुरुत्वमध्य त्यांचे मध्य जोडणाऱ्या रेषेवर असतो, हे आधीच सिद्ध झाल्याचे आर्किमिडीज नमूद करतो. ती सिद्धता या ग्रंथात नाही. तेव्हा पाया अन्य, आज अनुपलब्ध लेखनात असावा असे मानणे भाग आहे. चक्रक दोषाचा निर्णय केवळ याच ग्रंथावरून देणे घाईचे ठरेल.

संयुक्त आकृतींच्या दृष्टीने खरे महत्त्व आठव्या प्रमेयाला आहे. पूर्ण आकृतीतून एक भाग काढल्यास उरलेल्याचा गुरुत्वमध्य कोठे असेल, हे त्यात सांगितले आहे. १२ सेंमी बाजूच्या चौरसाच्या एका कोपऱ्यातून ६ सेंमी बाजूचा चौरस कापला, तर क्षेत्रफळे १४४, ३६ व १०८ चौ. सेंमी होतात. समोरच्या कोपऱ्यालगतच्या दोन्ही बाजूंपासून पूर्ण चौरसाचा मध्य ६, कापलेल्याचा ९ सेंमी अंतरावर; म्हणून उरलेल्याचा (८६४ − ३२४) ÷ १०८ = ५ सेंमी. पाठ्यपुस्तकी तक्त्यात यासाठी ‘ऋण क्षेत्रफळ’ लिहिले जाते. आर्किमिडीजला त्याची गरज नाही. तो केवळ अंतरांचे गुणोत्तर (येथे १:३) पाहतो, आणि ही रीत अधिक बोलकी आहे.

समलंब चौकोनाच्या पंधराव्या प्रमेयात तर दोन्ही मार्ग एकत्र येतात. तिरप्या बाजू वाढवून मोठा त्रिकोण केला जातो व त्यातून लहान त्रिकोण वजा केला जातो. यावरून मध्य समांतर बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषेवर आहे एवढे निश्चित होते. त्या रेषेवर नेमका कोठे, हे ठरविण्यासाठी कर्णाने पडलेल्या दोन त्रिकोणांची बेरीज करावी लागते.