एका ग्रंथचिन्हाविषयी

बदलीचा हुकूम हाती पडला की आमच्यासारख्यांच्या घरी पहिला वाद होतो तो पुस्तकांच्या पेट्यांवरून. अलीकडे त्या पेट्यांचे काम हातात मावणारे वाचनयंत्र करू लागले आहे. तेव्हा त्यातील पुस्तके ज्या खुणेने ओळखावयाची, तिचा विचार करणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

‘ईपब’ हा डिजिटल पुस्तकाचा खुला साचा. १९९९ च्या ‘ओपन ईबुक’ ह्या साच्याच्या जागी तो २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय डिजिटल प्रकाशन मंचाने अधिकृत केला. पुढे २०१७ मध्ये हा मंच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये विलीन झाला. साचा आतून पाहिला तर ते एक गाठोडेच आहे : वेबपृष्ठांच्या धर्तीची प्रकरणे, चित्रे, त्यांचा क्रम सांगणारी यादी, आणि हवा असल्यास टंकही. देवनागरी वाचणारास ह्या शेवटच्या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

ह्या साच्याचे चिन्ह म्हणजे टोकावर उभा केलेला हिरवा चौकोन आणि त्यात कोनाकोनांनी वळत गेलेली, इंग्रजी ‘ई’ सुचविणारी रेषा. उघडलेल्या पुस्तकाचे सर्वत्र आढळणारे चित्र येथे टाळले आहे, ह्याबद्दल चित्रकाराचे अभिनंदन केले पाहिजे. आकृती नखाएवढी केली तरी ओळखू येते, एका रंगातही उभी राहते. परंतु ती बोलते काय? ‘इलेक्ट्रॉनिक’ एवढेच. ‘ग्रंथ’ तीत नाही, आणि ज्या गुणासाठी ह्या साच्याची थोरवी, तो ‘खुला’ हा गुण तर मुळीच नाही. नावाचेही तसेच. लहान लिपीत लिहावे की मोठ्या, ह्याविषयी इंग्रजीत एकवाक्यता नाही, आणि उच्चारिले तर त्या भाषेच्या कानास शेवटी मद्यगृह ऐकू येते. पहिल्या संकटातून तरी आमच्या लिपीने आम्हांस वाचविले आहे!

हे दोष सोसता येतील. आमची खरी तक्रार पुढेच आहे. आय. एस. आय. च्या खुणेमागे प्रमाण असते, परवाना असतो. हा हिरवा चौकोन पाहून मात्र पुस्तक ‘ईपबचेक’ ह्या तपासणी-साधनातून पार पडले आहे की नाही, हे कळत नाही. त्याहून महत्त्वाचे, ते कुलूपबंद आहे की नाही, हेही कळत नाही. साचा खुला असला तरी विक्रेत्यास त्यावर आपले कुलूप घालण्यास मज्जाव नाही. अशी पुस्तके त्या विक्रेत्याने मान्य केलेल्या यंत्रांवरच उघडतात. ज्या वस्तूचा साचा खुला आणि प्रत बंद, तिच्यावर तेच चिन्ह मिरवावे, हे आम्हांस वाचकाची फसगत वाटते. सुरुवातीसच ह्या चौकोनाची दोन रूपे ठरविली असती, एक भरीव आणि एक पोकळ, तर केवळ शोभेची ही आकृती वाचकाच्या उपयोगी पडली असती.

आम्ही हे अनुभवाने लिहीत आहो. मागच्या बदलीनंतर नवे यंत्र घेतले, आणि विकत घेतलेली एक मराठी कादंबरी त्यावर उघडेना. दुकानास दोन पत्रे धाडली. उत्तर आले ते नियमांच्या उताऱ्याचे. जुने यंत्र त्यामुळे अद्याप टाकवले नाही. कादंबरीची शेवटची ऐंशी पाने त्यातच वाचावयाची आहेत.