साळुंक्यांचे हात

भारतीय चित्रपटाच्या जन्माची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढायला निघाले. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना. वेश्यावस्तीत चौकशी झाली, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात राबणारा, नाजूक हातांचा एक सडपातळ तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. हॉटेलात त्याला महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले आणि अण्णा साळुंके तारामती झाले. गोष्ट इथे संपते. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही हसतात. हे हसू एकदा तपासले पाहिजे.

पहिली बाब भाषेची. या गोष्टीत फाळके 'दादासाहेब' असतात, साळुंके मात्र 'तो' असतो, आणि तो 'सापडतो'. रस्त्यात पडलेली वस्तू सापडावी तसा. फाळक्यांचे कर्तृत्व मोठे आहे, त्याविषयी वाद नाही. साळुंक्यांच्या आडनावावरून जात काढण्याचा उद्योगही मी करणार नाही. माझा प्रश्न श्रमाचा आहे.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसमोर आला. ती मूळ पुराणकथा काय सांगते? राज्य गमावलेला राजा स्वतःला विकतो, डोंबाचा चाकर होतो, मसणाची राखण करतो. राणी दुसऱ्याच्या घरी दासी होते. डोंबाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे जगणे चालत आले, ते चार दिवस राजाच्या वाट्याला आले म्हणून आपण रडायचे. जन्मभर मसणात राहणाऱ्या त्या डोंबासाठी या कथेत कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. आणि दासी झालेल्या राणीचे दुःख पडद्यावर दाखवले कुणी? खरोखरच दुसऱ्याच्या ताटासाठी राबणाऱ्या माणसाने! राणीचे दासी होणे ही करुण कथा ठरली. हॉटेलातल्या माणसाचे राणी होणे हा विनोद ठरला. आपल्या रसिकतेची घडण यात उघडी पडते.

त्याच काळात रंगभूमीवर बालगंधर्व स्त्री-भूमिका करीत होते. त्यांना कंठ होता, पद होते, शालू होते, आणि त्यांच्या कलेवर लिहिणारे समीक्षक होते. मूकपटाने साळुंक्यांचा आवाज घेतला नाही, फक्त शरीर घेतले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनी एकट्याने केल्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातली पादत्राणे काढत, असे सांगतात. हॉटेलात ज्याच्याकडे मान वर करून कुणी पाहिले नसेल, त्याच्या छायेपुढे लोक हात जोडत होते. श्रद्धा छायेला मिळाली, छाया ज्याची होती त्याला नाही.

पण साळुंक्यांच्या वाटचालीतली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या होत्या. लुगडे नेसून उभ्या राहणाऱ्या पुरुषाची गरज आज ना उद्या संपणार होती. साळुंके कॅमेऱ्यामागे गेले. फाळक्यांच्या १९२३ च्या 'बुद्धदेव'चे छायाचित्रण त्यांचे आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत. दांड्याची गती चुकली की पडद्यावरचा माणूस पळू तरी लागे, नाही तर रेंगाळे. हे काम नाजूक हातांचे नव्हे, शिकलेल्या हातांचे आहे.

हे शक्य झाले याचे एक कारण मला असे दिसते, की कॅमेरा हे यंत्र नवे होते. ते कुणाच्या वाडवडिलांकडून आलेले नव्हते, त्याला अजून कुणाचे वतन चिकटले नव्हते. जिथे कसब जन्माने मिळत नाही, तिथे हॉटेलातला माणूसही ते शिकतो. पुढे याच धंद्यात घराणी उभी राहिली आणि दार अरुंद झाले, हेही विसरता येत नाही. म्हणून साळुंक्यांचे मूल्यमापन 'पहिली नायिका झालेला पुरुष' या कुतूहलावर थांबवणे ही समीक्षेची आळशी सवय आहे. त्यांना जे निसर्गाने दिले ते इतिहासाने जपले. जे त्यांनी स्वतः कमावले ते टाकून दिले.

मांजरसुंब्याच्या चौकात, सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या हॉटेलांत रात्री ताटे उचलणारी पोरे सकाळी वर्गात बसलेली असतात. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. 'तुला अमक्याने वर आणले' हे वाक्य मी पुष्कळ ऐकले आहे. त्या पोरांना उद्या हेच ऐकावे लागणार आहे. त्यांच्यापुढे मी साळुंक्यांची गोष्ट १९१३ वर थांबवीत नाही. १९२३ पर्यंत नेतो, आणि दांडा किती सारख्या गतीने फिरवावा लागे, ते फळ्यावर काढून समजावून सांगतो.