‘नो स्क्रब्ज’ : लोभ की फिर्याद?

पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांतील तरुणी प्रेमाआधी प्रियकराचा खिसा चाचपते, असा आक्षेप आमची वडीलधारी मंडळी वारंवार घेतात. परंतु फिर्याद वाचल्यावाचून निकाल देऊ नये, ही आमच्या व्यवसायाची शिकवण आहे. म्हणून १९९९ साली अमेरिकेत ‘बिलबोर्ड’च्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेली दोन गाणी येथे तपासावयास घेतो : टीएलसी या तीन गायिकांच्या वृंदाचे ‘नो स्क्रब्ज’ आणि डेस्टिनीज चाइल्डचे ‘बिल्स, बिल्स, बिल्स’. दोहोंच्या रचनेत कॅन्डी बरस या एकाच गीतकर्त्रीचा हात आहे.

‘बिल्स’मधील नायिकेचे गाऱ्हाणे वसुलीचे आहे. प्रियकर आरंभी उदार असतो. पुढे तिची मोटार फिरवितो, तिच्या पैशाने खरेदी करतो, तिच्या टेलिफोनवर बोलत राहतो, आणि देणे अंगावर आले की हात वर करतो. ध्रुपद तेवढे ऐकणाऱ्यास ती लोभी वाटेल. कडवी ऐकणाऱ्यास वाटणार नाही.

‘नो स्क्रब्ज’चे प्रकरण इतके सरळ नाही. मित्राच्या मोटारीत बसून रस्त्यावरील मुलींना हाका मारणारा उडाणटप्पू नायिकेस नको, हे रास्तच आहे. परंतु स्वतःची मोटार नसणे आणि आईच्या घरी राहणे हेही गाण्याने दोषांत धरले आहे. येथे तोल गेला. आळस हा स्वभावाचा दोष, दारिद्र्य ही परिस्थिती. दोहोंस एकच शिक्षा देणे अन्यायाचे होय. याच टीएलसीने, तबकड्या लक्षावधींनी खपत असता, १९९५ साली दिवाळखोरीचा अर्ज केला होता. रिकाम्या खिशावरून माणसाची किंमत करू नये, हे या गायिकांहून अधिक कोणास ठाऊक असावे?

मॅडोनाचे ‘मटीरिअल गर्ल’ हे १९८५ साली गाजलेले गीत अधिक चतुर आहे. शब्दांत धनाचा उघड पुरस्कार. चित्रफितीत मात्र नायिकेस जिंकतो तो साधी फुले आणणारा. तथापि तोही गरिबाचे सोंग घेतलेला श्रीमंतच असल्याने उपरोधाची धार निम्मी बोथट होते.

आणि आमच्या घरांत काय? देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’ नाटकात बाप पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तरी आजही पत्रिका जुळण्यापूर्वी वराचा पगार आणि राहते घर यांची चौकशी होतेच. ती बहुधा वडील मंडळी करतात. त्या गाण्यांत मुलगी स्वतः करते. संसार जिला करावयाचा तिनेच प्रश्न विचारावा, हे आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

घरातील कन्या ही गाणी ऐकत असेल तर ती बंद करा, असे आम्ही सांगणार नाही. ‘बिल्स’मधील हिशेब तिने शिकावा, ‘नो स्क्रब्ज’मधील तुच्छता सोडावी, एवढेच सांगू, आणि वरपक्षाकडे बैठकीस जाताना तेच स्वतःलाही बजावू.